दोनशे चार एमबी

फोनमध्ये जागा उरलीय दोनशे चार एमबी.
एक गेम अकरा एमबीचा, दुसरा एकशे अठ्ठ्याण्णवचा.
पाच कमी पडतात.
गुड मॉर्निंगचे गुलाब तर कधीच पुसलेत.

रात्रीचे पावणेदोन, सांगली मार्केट यार्डाचा वजनकाटा.
हळदीचा सीझन. बाहेर सात ट्रक,
साती ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून.
माझं काम एवढंच,
आकडा स्थिर झाला की पावती फाडायची.
आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात मी मरतो.

रोगलाइक म्हणतात या प्रकाराला.
सुकुमार मगदूमला वाटलं, रोग लागल्यासारखं खेळायचं,
फार चुकला नाही तो.
एकदा मेलं की मेलं. पुन्हा सुरू केलं
तर मघाशी जिना होता तिथं भिंत,
आणि कमावलेली तलवार
कुणाच्या बापाची नव्हतीच.

अकरा एमबीवाला नुसत्या अक्षरांचा.
काळी पाटी, ठिपके म्हणजे जमीन,
आणि मी म्हणजे @ —
बँकेच्या फॉर्मवर मेल आयडी लिहिताना
माझ्या हातून ज्याची दरवेळी गोगलगाय होते, ते.
इंग्रजी मोठा डी दिसला की ड्रॅगन, पळायचं.
छोटा आर म्हणजे उंदीर.
ड्रॅगनपर्यंत मी अजून पोचलो नाही.

दुसरा देखणा. ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं,
जत्रेत पाच रुपयाला खेळायचो तसली,
पीं-पीं वाजणारं संगीत,
बाटल्या रंगीत, आणि दर खेळात लबाड,
निळी आज औषध, उद्या विष.
बशीर नदाफ म्हणतो, लगा, हाच घे,
बघायला तरी काय हाय त्या अक्षरांत?
वर त्याचं म्हणणं, दोन्ही ठेव की,
तो मामाचा व्हिडिओ उडव, सहा एमबीचा हाय.

मामाचा व्हिडिओ चाळीस सेकंदांचा.
अर्धा नुसता वारा.
नाव निवृत्ती, पण साठीनंतरही
हरिपूरच्या पेवांत उतरायचा माणूस.
अरुंद तोंड, आत घागरीसारखं पोट,
दोन पुरुष खोल काळोख आणि त्यात हळद.
व्हिडिओत तो बुजलेल्या पेवावर उभा आहे,
पुरानं भरलेल्या, आता बाभळीखाली गेलेल्या,
आणि हातात नसलेला कंदील दोरीनं खाली सोडून दाखवतोय.
"कंदील इझला की मानूस उतरवायचा न्हाई.
हळद कुठं पळून जातीया?"
मग माझं हसणं, मग अंगठा कॅमेऱ्यावर.

पुसा, असं बटण येतं. मी 'रद्द' दाबतो.

देखण्या गेममध्ये हिरोच्या हाती मशाल आहे,
कितीही खाली जा, ती विझत नाही.
हे मला आजवर खटकलं नव्हतं.
अक्षरांच्या गेममध्ये तेल मोजून मिळतं,
पावलागणिक एक कमी,
कोपऱ्यात आकडा उतरत जातो
रिकाम्या होणाऱ्या ट्रकच्या वजनासारखा.

देखणा उडवला. बशीर उद्या शिव्या घालणार.
आणि खरं सांगायचं तर
त्या निळ्या बाटलीची थोडी आठवण येईलच.

नवा खेळ. नाव विचारतो.
आठ अक्षरांची जागा. निवृत्ती,
इंग्रजीत बरोबर आठ.
पहिला मजला, दुसरा, एक उंदीर (मारला),
तिसऱ्याच्या जिन्यावर खाली काहीतरी चकाकतं,
सोनं असेल, कदाचित मोठा डी.
तेल बारा पावलांचं.
वर यायला अकरा लागतात.

काट्यावर एमएच दहाचा ट्रक चढतो,
ड्रायव्हर झोपेतच हॉर्न दाबतो.
@ जिन्यावर उभा आहे.
आकडा अजून हलतोय.